कामाची वही आणि अवधान : शेतीतील शिस्तीचे काही धडे



बियाणे कोणते घ्यावे, खत किती द्यावे, कोणती फवारणी कधी करावी, याविषयी आपण नेहमी वाचतो. शिफारशी चांगल्या असतात आणि बहुतेकांना त्या ठाऊकही असतात. तरीही शेजारी शेजारी असलेल्या दोन शेतांत, एकाच वाणाची आणि एकाच आठवड्यात लागवड असूनही, उत्पादनात मोठा फरक पडतो. जमीन तीच, पाऊस तोच, दुकानही तेच. मग फरक कशाचा? पुष्कळदा तो कामाच्या सवयीचा असतो. काम वेळेवर झाले का, करताना लक्ष त्यात होते का, आणि मागच्या वर्षीची चूक यंदा टाळली का, या तीन गोष्टींवर बरेच काही ठरते. सवय दुकानात विकत मिळत नाही आणि तिला अनुदानही नसते. ती ज्याची त्याने लावून घ्यावी लागते. जळगाव, धुळे भागातील केळी आणि कपाशी उत्पादकांना डोळ्यांसमोर ठेवून या लेखात तिचा विचार केला आहे.

एका चुकीची हकीकत

सुरुवात स्वतःच्याच चुकीपासून करतो. कृषी महाविद्यालयात शिकत असताना पावसाळ्याच्या सुटीत घरी आलो होतो. ज्वारीत रुंद पानांचे तण माजले होते. त्यावर २,४-डी हे तणनाशक फवारले. दुसऱ्या दिवशी कपाशीवर तुडतुड्यांसाठी फवारणी करायची होती. पंप धुवायला घेतला आणि तेवढ्यात गावातला एक मित्र बांधावर आला. गप्पा झाल्या. तो गेल्यावर पंप धुतला आहे, असे समजून औषध कालवले आणि अर्धा एकर कपाशी फवारून टाकली.

चार-पाच दिवसांत कपाशीचे शेंडे वाकडे झाले आणि नवी पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली, अरुंद निघू लागली. ज्वारीला न बाधणारे २,४-डी कपाशीला अगदी थोड्या अंशानेही बाधते, हे मला पुस्तकातून पाठ होते. परीक्षेत त्याचे उत्तर मी बरोबर लिहिले होते! त्या अर्ध्या एकरात पाते गळाले, बोंडे फार थोडी लागली. सोसायटीचा हप्ता भरताना त्या वर्षी घरात ओढाताण झाली.

बापू रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पंपावर पांढऱ्या रंगाने ‘फक्त तणनाशक’ असे लिहिले आणि बाजारातून दुसरा पंप आणला. मग दाराजवळच्या खिळ्याला एक वही टांगली आणि म्हणाले, “भाऊ, तुला माहीत नव्हतं असं नाही. तुझं ध्यान नव्हतं. आता ध्यानावर भरवसा ठेवायचा नाही, वहीवर ठेवायचा.”

या हकीकतीतून दोन गोष्टी कळतात. पहिली, नुकसान दर वेळी अज्ञानामुळेच होते असे नाही. माहिती असूनही अवधान सुटल्यामुळे होते. दुसरी, ‘यापुढे लक्ष ठेवीन’ असा नुसता निश्चय पुरत नाही. चूक होऊच नये अशी व्यवस्था करावी लागते. स्वतंत्र पंप ही अशी व्यवस्था आहे.

अवधान का सुटते?

१) एकाच वेळी अनेक कामे अंगावर घेणे. मृग लागला की पेरणी, खते, मजूर, बँक आणि लग्नकार्ये एकदमच येतात. एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते.

२) सर्व काही डोक्यात ठेवणे. खताची तारीख, उधारी, मजुरांचे खाडे, पाण्याची पाळी हे सारे लक्षात ठेवण्याचा आपल्याला अभिमान असतो. पण डोके म्हणजे कोठार नव्हे. नव्या काळजीबरोबर जुनी आठवण बाहेर पडते.

३) काम अर्धवट सोडून उठणे. पूर्वी पाहुणा आला की काम थांबे, आता खिशातला मोबाईल वाजला की थांबते. परत आल्यावर कोठपर्यंत आलो होतो, हे अंदाजाने ठरवले जाते. माझी चूक नेमकी इथेच झाली.

४) थकवा आणि जागरण. वीज रात्रीची असली की बारे द्यायला रात्र जागून काढावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाचे माप घेताना हात आणि डोके दोन्ही जड असतात.

५) पाहून करणे. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे. यात काम होते, पण स्वतःच्या पिकाकडे पाहणे राहून जाते.

फड पद्धतीकडून शिकण्यासारखे

शिस्तीचे धडे घ्यायला आपल्याला परमुलखात जाण्याची गरज नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवर कित्येक पिढ्या फड पद्धतीने सिंचन चालत आले. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, त्यांना फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच प्रकारचे पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी फेरपालट करायची. एका फडात ऊस असला तर दुसऱ्यात भुसार पीक, आणि एखादा फड पाण्याविना ठेवायचा.

या व्यवस्थेत शेतकऱ्याने मध्यरात्री उठून आपल्या चारीचे दार स्वतः उघडायचे नसे. पाटाची देखभाल पाटकऱ्याकडे, शेताला पाणी देणे बारेकऱ्याकडे आणि पिकाची राखण जागल्याकडे असे. पंच मंडळी त्यांच्यावर देखरेख ठेवीत आणि मोबदला बहुधा धान्याच्या रूपात दिला जाई. हंगामापूर्वी सर्वांनी मिळून पाटातील गाळ काढायचा. बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने पाणी कमी पडले की तोटाही वाटून घेतला जाई. पुढे नद्यांच्या वरच्या भागात धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि ही पद्धत अनेक ठिकाणी क्षीण झाली. तरी तिच्यातील चार गोष्टी आजही प्रत्येकाला आपल्या शेतावर लागू करता येतात.

१) हंगामापूर्वी पाट साफ : काम सुरू होण्याआधी साधने तयार ठेवावीत. पंपाचे नोझल, ठिबकचे फिल्टर, मोटारीचा स्टार्टर यांची दुरुस्ती पाऊस पडल्यावर करू नये.

२) ज्याचे काम त्याच्याकडे : प्रत्येक कामाला एक नावाचा माणूस असावा. ‘कोणीतरी करील’ असे म्हटलेले काम होत नाही.

३) एका फडात एक पीक : वेळेचेही फड पाडावेत. सकाळचा फड निरीक्षणाचा, संध्याकाळचा हिशेबाचा. एकाचे पाणी दुसऱ्यात शिरू देऊ नये.

४) पाळी मोडायची नाही : नियम कोणाच्या मर्जीवर नव्हता, म्हणून तो टिकला. स्वतःसाठी केलेला नियमही तसाच पाळावा.

कामाची वही कशी ठेवावी?

यासाठी महागडी नोंदवही नको. दोनशे पानी साधी वही आणि तिला दोरीने बांधलेले पेन पुरे. वही शेतातील खोपीत किंवा घराच्या दाराजवळ ठरलेल्या जागी टांगावी. ज्यांना मोबाईलवर लिहिण्याची सवय आहे त्यांनी तसे करावे. परंतु वही घरातील सर्वांना दिसते, हा तिचा मोठा फायदा आहे.

रोज संध्याकाळी दहा मिनिटे बसून पुढील नोंदी कराव्यात :

(१) तारीख, पाऊस, वारा, उष्णता.
(२) कोणत्या गटात किंवा पट्टीत कोणते काम झाले.
(३) कोणते खत किंवा औषध, किती मात्रेत, कोणत्या कंपनीचे, बिल क्रमांक.
(४) मजूर किती, मजुरी किती, दिली की बाकी.
(५) मोटार किती तास चालली.
(६) पिकात आज नवीन काय दिसले.
(७) उद्याची तीन कामे.

शेवटच्या दोन नोंदी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. सहावी नोंद करायची म्हटले की पिकात फिरावेच लागते. सातवी नोंद केली की रात्री अंथरुणावर पडल्यावर कामे डोक्यात घोळत नाहीत. कामे तीनच लिहावीत. दहा लिहिली तर चार होतात आणि सहांचे वाईट वाटते.

आठवड्यातून एकदा, गावच्या बाजाराच्या दिवशी निघण्यापूर्वी, मागची सात पाने वाचावीत. काय राहिले, काय आणायचे, कोणाला काय द्यायचे ते त्यातूनच निघते. हंगाम संपल्यावर सगळी वही एकदा वाचावी. वही भरायची आणि परत उघडायचीच नाही, असे केल्यास तिचा निम्मा फायदा वाया जातो.

वही पैसा कशी वाचवते?

केळीचे उदाहरण घेऊ. दीड बाय दीड मीटरवर लागवड केल्यास हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात. लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओळीने फिरून मोजणी केली आणि शंभरात पाच झाडे मेलेली आढळली, तर ती २२२ झाडे झाली. तेव्हाच नांग्या भरल्या तर बाग एकसारखी येते. मोजले नाही तर त्या जागा वर्षभर पाणी आणि खत खातात, घड मात्र देत नाहीत. २० किलोचा एक घड धरला तरी हे नुकसान सुमारे ४४ क्विंटलचे होते. हे वाचवायला एक सकाळ लागते.

कपाशीचेही तसेच आहे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशी उत्पादकांना मोठा फटका दिला. ही अळी बोंडाच्या आत राहते, बाहेरून बोंड निरोगी दिसते. त्यामुळे ‘दिसली की फवारू’ हे तिच्या बाबतीत चालत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा फुले-बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव आढळला, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजावे. ‘सलग तीन रात्री’ हे कळण्यासाठी रोजचा आकडा लिहिलेला असावा लागतो. आठवणीने सांगितलेला आकडा कामाचा नाही. तसेच डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करण्याची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, म्हणजे फरदडीचा मोह होत नाही.

वादळ, गारपीट किंवा अति उष्णतेने बागेचे नुकसान झाले तर लागवडीची तारीख, झाडांची संख्या, बिले आणि नुकसानीचा दिवस यांची नोंद पंचनामा व विम्याच्या वेळी हाताशी असते. रावेर, यावल, चोपडा भागातील केळी उत्पादकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

एका वेळी एक काम

सर्वच कामांना सारखे अवधान लागत नाही. निंदणी करताना गप्पा मारल्या तरी बिघडत नाही. परंतु काही कामे अशी आहेत की त्या वेळी दुसरे काहीही करू नये :

• औषध मोजणे, कालवणे व फवारणे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले, हे कधीही विसरू नये. हातमोजे, मास्क, चष्मा व अंगभर कपडे घालावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. उपाशीपोटी किंवा जागरणानंतर फवारणी करू नये. मोबाईल घरी किंवा बांधावर ठेवावा.
• विजेची मोटार, स्टार्टर व फ्यूज हाताळणे.
• ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र चालवणे.
• ठिबकमधून खत सोडणे. टाकीत कोणते खत गेले, कोणता व्हॉल्व्ह उघडा आहे, हे पाहूनच जागा सोडावी.
• पैशाचा व्यवहार, कर्जाचे कागद, सही.

या कामांत व्यत्यय आला तर ‘पहिल्यापासून’ हा नियम पाळावा. माप घेताना कोणी हाक मारली तर ते माप पुन्हा घ्यावे. पंप धुताना उठावे लागले तर परत येऊन तो पुन्हा धुवावा. यात पाच मिनिटे जातात. माझ्या अर्ध्या एकर कपाशीची किंमत त्यापेक्षा पुष्कळ जास्त होती.

सकाळचा पहिला तास निरीक्षणासाठी राखून ठेवावा. त्या वेळी हातात अवजार नको, कानाला फोन नको. दर आठवड्याला पट्टी बदलून एकरी वीस झाडे तरी नीट पाहावीत, पान उलटून पाहावे. गाडीवरून बांधावर चक्कर मारणे म्हणजे निरीक्षण नव्हे.

माणसांना सोबत घ्यावे

खान्देशात अखाजीला सालदार ठरतो. त्याच दिवशी मोबदल्याबरोबर कामेही स्पष्ट बोलून घ्यावीत : मोटार कोण पाहील, गुरांचे पाणी कोण करील, अवजारे कोठे ठेवायची, सुटी कधी. काम सांगताना ‘खत टाकून दे’ एवढेच न सांगता कोठे, किती व कसे हे एका झाडावर करून दाखवावे आणि त्याच्याकडून एकदा करवून घ्यावे. चूक झाल्यास चारचौघांत बोलू नये. घाबरलेला माणूस पुढची चूक लपवतो आणि लपलेली चूकच महागात पडते.

घरातील स्त्रिया निंदणी, वेचणी, बियाणे साठवण ही कामे करतात, पिकात सर्वांत जास्त वेळ वाकून त्याच असतात. रोग-किडीची पहिली खूण अनेकदा त्यांनाच दिसते. वहीतील सहावी नोंद करताना त्यांना विचारावे. शक्य असेल तेथे वही त्यांनीच लिहावी. हिशेब दोघांना ठाऊक असला तर अडचणीच्या वेळी घर सावरते.

दर वर्षी एक नवी गोष्ट

सवयीचा पुढचा टप्पा म्हणजे शिकत राहणे. जळगावची केळी बसराईवरून श्रीमंती, पुढे उतिसंवर्धित ग्रँड नैन आणि मोकाट पाण्यावरून ठिबकवर आली. यात पुढे राहिलेल्यांनी साधारणतः एकच रीत ठेवली. आधी थोड्या क्षेत्रावर करून पाहिले, नोंद ठेवली, मग वाढवले. जामनेर तालुक्यातील वाकोद या खेड्यात जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या एजन्सीपासून धंद्याला सुरुवात केली. पुढे बियाणे, खते, पाइप अशी एक एक पायरी चढत ते ठिबकपर्यंत गेले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाढ झाली ती टप्प्याटप्प्याने, हे त्यातून घ्यावे.

दुसरे उदाहरण साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याचे. तेथील चैत्राम पवार हे पदवी घेऊनही गावातच राहिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावकऱ्यांनी जंगल राखायला घेतले. झाड तोडणाऱ्यास दंड, असे साधे नियम गावानेच केले आणि ते वर्षानुवर्षे पाळले. उजाड डोंगरावर शेकडो हेक्टर जंगल उभे राहिले आणि पाण्याची स्थिती सुधारली. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. नियम मोठे नव्हते. ते रोज पाळले गेले, एवढेच.

आपणही दर वर्षी एकच नवी गोष्ट निवडावी : माती परीक्षणानुसार खते, घडांची निगा, गांडूळखत किंवा हिशेबाची पद्धत. पाच-दहा गुंठ्यांची एक पट्टी त्यासाठी राखावी आणि शेजारची पट्टी नेहमीच्या पद्धतीने ठेवावी, म्हणजे तुलना करता येते. पट्टी फसली तरी घर बुडत नाही आणि शिकवण मात्र पूर्ण मिळते. शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्रात किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

हातात नसलेल्या गोष्टी

शिस्त पाळली म्हणजे नुकसान होणारच नाही, असे नाही. मे महिन्यातील वादळ काढणीला आलेली बाग एका रात्रीत आडवी करते. बाजारभाव आपल्याला विचारून पडत नाहीत. अशा वेळी स्वतःला दोष देत बसू नये. वहीत दोन याद्या कराव्यात, ‘माझ्या हातात काय आहे’ आणि ‘काय नाही’. पहिल्या यादीतील पहिले काम दुसऱ्या दिवशी सुरू करावे : पंचनाम्यासाठी कळवणे, पील राखणे, बँकेत जाऊन बोलणे. कर्जाची किंवा नापिकीची काळजी एकट्याने उरात बाळगू नये. घरात, मित्राजवळ बोलावे. झोप उडाली, मन फार खचले तर डॉक्टरांकडे जावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. मदत मागणे हा कमीपणा नाही.

सारांश

१) ठरलेल्या जागी वही टांगावी, रोज दहा मिनिटे लिहावे, बाजाराच्या दिवशी वाचावे.
२) उद्याची तीनच कामे आदल्या संध्याकाळी ठरवावीत.
३) तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा व त्यावर तसे लिहावे.
४) धोक्याची कामे एका वेळी एकच करावीत. व्यत्यय आल्यास पहिल्यापासून करावीत.
५) सकाळचा पहिला तास पिकाच्या निरीक्षणाला द्यावा.
६) प्रत्येक कामाला नावाचा माणूस नेमावा व काम करून दाखवावे.
७) दर वर्षी एक नवी गोष्ट लहान पट्टीवर करून पाहावी.

हे सातही एकदम सुरू करू नयेत. या आठवड्यात फक्त वही आणावी. महिनाभर लिहून झाले, दोन-चार दिवस खाडा पडला तरी परत सुरू केले, म्हणजे सवय धरली असे समजावे. मग पुढचे घ्यावे. थेंबे थेंबे तळे साचे, हे ठिबक वापरणाऱ्या खान्देशच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. बापूंनी लिहिलेली ‘फक्त तणनाशक’ ही अक्षरे त्या पंपावर पुसट झाली की आम्ही ती दर हंगामाला पुन्हा रंगवून घेतो.